वाचकांचे प्रश्न : घोडे आणि साज चोरांपासून कसे जपावेत?

पावसाळा सरून लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे, ती घोडा किंवा त्याचा साज चोरीला जाण्याची. आपल्या कोल्हापूर परिसरातला घोडा पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवतो, वरातीत नवरदेवाला नेतो, घोडागाडीच्या शर्यतीत पळतो आणि कुणाच्या शेतावर नुसत्या हौसेपोटीही पाळलेला असतो. त्याच्यावर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी त्याची चोरी म्हणजे घरातला कमावता हात जाणे होय. म्हणून या महिन्यात दुसरे सर्व विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्याकडे वरातीसाठी दोन पांढऱ्या घोड्या आहेत. मागच्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एकाची घोडी रात्रीतून नेली. कोणी कॅमेरा बसवा म्हणते, कोणी चिप घाला म्हणते, कोणी नुसते मोठे कुलूप लावायला सांगते. आमची ऐपत बेताची आहे. पहिला खर्च कशावर करावा? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : पहिला खर्च घोडीच्या ओळखीवर करा, तो जवळजवळ बिनपैशाचा आहे. कुलूप चोराला काही वेळ थोपवते, पण घोडी एकदा दाराबाहेर पडली की कुलपाचे काम संपते, आणि त्यानंतर ती परत मिळणे हे ‘ही घोडी माझीच आहे’ असे तुम्ही तिऱ्हाईत माणसाला कागदावर दाखवू शकता की नाही, यावर ठरते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका मालकाची घोडी चोरीला गेली आणि तीन आठवड्यांनी दोन जिल्हे ओलांडून एका बाजारात दिसली. मालकाने हाक मारताच तिने कान टवकारले आणि ती खिंकाळली. पाहणाऱ्या सगळ्यांना खरे काय ते कळले, पण समोरच्या माणसाच्या हातात खरेदीची पावती होती आणि पोलिसांना पुरावा हवा होता. आमच्याकडचा कागद म्हणजे मीच दिलेला एक दाखला होता, ज्यावर ‘पांढरी घोडी, वय ७ वर्षे’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्या वर्णनाला लागू पडतील अशा घोड्या त्या बाजारात रांगेने उभ्या होत्या. अखेर घोडी सुटली ती माझ्या जुन्या केसपेपरमुळे. तिच्या डाव्या मागच्या पायाला खुराच्या वरच्या सांध्यावर तारेने झालेली जखम मी कधी काळी शिवली होती आणि टाक्यांची जागा आकृती काढून नोंदवली होती. केस बाजूला सारून पाहिल्यावर तो व्रण जिथे लिहिला होता तिथेच सापडला. मालकाला घोडी मिळाली, पण माझा एका ओळीचा दाखला त्याच्या काहीही उपयोगी पडला नाही याची खंत मला आजही आहे, आणि त्या दिवसापासून मी एकाही घोड्याचे वर्णन एका ओळीत लिहिलेले नाही.

पांढऱ्या घोड्यांच्या बाबतीत तर नुसता रंग लिहिण्याला काहीच अर्थ नसतो. नुकरा घोडा जन्मापासून पांढरा आणि कातडीने गुलाबी असतो. याउलट अनेक पांढरे दिसणारे घोडे शिंगरू असताना काळसर किंवा तांबूस असतात, वयाबरोबर पांढरे होत जातात आणि त्यांची कातडी मात्र काळीच राहते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी काढलेला फोटो दहाव्या वर्षी दाखवला तर तो दुसऱ्याच घोड्याचा वाटतो. न बदलणारी खूण म्हणजे भोवरे, म्हणजे अंगावरचे केस गोल फिरून उगवतात त्या जागा. आपले जुने लोक भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवत आले आहेत. मी ते ओळखीसाठी पाहतो, आणि त्यासाठी त्यांच्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, एक आहे की दोन, मानेवर आयाळीजवळ दोन्ही बाजूंना कुठे आहेत, छातीवर आणि कुशीवर कुठे आहेत, हे सर्व एका साध्या आकृतीवर मांडले की त्या सगळ्यांचा मेळ दुसऱ्या घोड्यात सापडणे जवळजवळ अशक्य असते. केसांना रंग लावता येतो, भोवरा मात्र पुसता येत नाही. पायावरच्या आणि तोंडावरच्या खुणा पाहताना तो भाग पाण्याने ओला करा, म्हणजे केसांखालची गुलाबी कातडी आणि तिची कड स्पष्ट दिसते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर, शिंगासारखी टणक गाठ असते. तिचा आकारही प्रत्येक घोड्यात वेगळा असतो.

आता फोटो काढण्याविषयी. वरातीत झूल आणि गोंडे घालून काढलेले फोटो कितीही सुंदर आले तरी या कामाचे नाहीत. सकाळच्या उजेडात, खरारा करून म्हणजे अंग घासून-पुसून, मोरकीशिवाय (घोड्याला धरण्या-बांधण्यासाठी तोंडावर घालतात ती दोरी किंवा पट्टा) अंगावर काही न ठेवता दोन्ही बाजूंनी, पुढून व मागून असे घोडीचे पूर्ण फोटो घ्या, मग चारही पाय, नाकपुड्यांमधली जागा, दात आणि प्रत्येक भोवरा जवळून घ्या. एका फोटोत तुम्ही स्वतः तिच्याशेजारी उभे राहा. हे फोटो वर्षातून एकदा नव्याने काढा, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा आणि एक संच छापून खरेदीच्या पावतीसोबत ठेवा, कारण रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात उभे असताना फोनची बॅटरी संपलेली असू शकते.

चिपविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो असा की चिप घातली की घोडा कुठे आहे ते फोनवर दिसते. तसे होत नाही. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, आणि स्कॅनर अगदी जवळ नेला तरच ती आपला १५ अंकी क्रमांक सांगते. ती मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखालच्या जाड स्नायुबंधात, डोके आणि खांदा यांच्या साधारण मध्यावर पशुवैद्यकाकडूनच घालून घ्यावी. ती चोरी थांबवत नाही, पण घोडी सापडल्यावरचा वाद मिटवते, म्हणून शक्य असेल त्याने ती जरूर घालावी. क्रमांक मात्र तुमच्या नावावर नोंदवलेला आणि दाखल्यावर लिहिलेला हवा. खुरावर क्रमांक कोरून घेण्याची पद्धतही आहे. तथापि खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे तो क्रमांक खाली सरकत जातो आणि वर्षभरात कापून निघतो. नालबंदाकडून, म्हणजे खुरांना नाल मारणाऱ्या कारागिराकडून, वेळोवेळी नवा कोरून घेण्याची शिस्त असेल तरच त्या वाटेला जावे.

प्रश्न : आमची वस्ती उसाच्या रानात आहे. घोडा पत्र्याच्या शेडमध्ये असतो आणि दिवसा कुंपणात मोकळा सोडतो. घर तिथून लांब आहे. रात्रीच्या बंदोबस्तासाठी काय करावे? (एक शेतकरी वाचक, करवीर तालुका)

उत्तर : आधी फाटक पाहा. आपल्याकडे लोखंडी फाटकाला मोठे कुलूप लावलेले असते, पण दुसऱ्या बाजूची बिजागरी अशी असते की दोन माणसांनी फाटक वर उचलले तर ते खिळ्यांवरून अलगद निघते आणि कुलूप जागच्या जागी राहते. वरच्या बिजागरीचा खिळा खाली तोंड करून बसवून घ्या, म्हणजे फाटक उचलता येत नाही. वेल्डिंगवाल्याचे ते अर्ध्या तासाचे काम आहे. ते होईपर्यंत बिजागरीच्या बाजूलाही साखळी घालून कुलूप लावा.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. मोरकी आणि दावे फाटकाच्या खांबाला टांगून ठेवण्याची सवय सोडा. गरीब स्वभावाचा घोडा गुळाचा खडा दाखवणाऱ्या कोणाहीबरोबर चालू लागतो, आणि खांबावर मोरकी असेल तर चोराला तीही आणावी लागत नाही. कुंपणात मोकळ्या सोडलेल्या घोड्याच्या तोंडावर रात्रंदिवस मोरकी ठेवणे तर दोन्ही अंगांनी घातक आहे, कारण ती चोराच्या हाताला मुठीसारखी सापडते आणि तारेत किंवा खुंटात अडकून घोडा जायबंदीही होतो.

शेडचे दार आणि अगाडी-पिछाडी (घोड्याला पुढून व मागून बांधायचे दोर) यांना कुलूप लावण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर माझा त्याला ठाम विरोध आहे. उसाच्या रानात पाचट पेटले किंवा पंचगंगेचे पाणी रात्रीत वाढले, तर घोडा क्षणात सोडता आला पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जनावरे घाईघाईने हलवावी लागली, तो अनुभव आपल्याला कोणी वेगळा सांगायला नको. म्हणून कुलूप बाहेरच्या फाटकाला असावे, घोड्याच्या कप्प्याला नुसता अडसर असावा, आणि फाटकाची दुसरी किल्ली वस्तीवरच्या विश्वासाच्या माणसाकडे असावी. पुराच्या वेळी घोडा पाहुण्यांच्या गोठ्यात हलवला असेल तर तो कुठे, कोणाकडे आणि कधी नेला हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

सौर दिवा आणि कॅमेरा यांपैकी एकच परवडत असेल तर रस्त्याकडून येणारी वाट उजळणारा, हालचालीने पेटणारा दिवा आधी घ्या. कॅमेरा लावलाच तर त्याची साठवण शेडमध्ये ठेवू नका, कारण घोड्याबरोबर तीही जाते. चांगला राखणीचा कुत्रा या दोन्हींपेक्षा कमी नाही. आणि घोड्याजवळ झोपणारा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, असेल, तर त्याला नीट पगार, कोरडी जागा आणि पांघरूण द्या. त्याच्याकडे संशयाने पाहणाऱ्या मालकांना मला सांगावेसे वाटते की, घोड्याच्या श्वासातला फरक अंधारात ओळखणाऱ्या माणसाइतका चांगला पहारा विकत मिळत नाही. त्याचे ओळखपत्र आणि पत्ता कामावर घेतानाच नोंदवून ठेवणे हा व्यवहाराचा भाग झाला, त्यात त्याचा अपमान नाही.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. तिचे खोगीर आणि लगाम आम्ही ठेवतो त्या खोलीतून नाहीसे झाले. दाराचे कुलूप शाबूत होते. नवे घेण्याआधी काय खबरदारी घ्यावी? (एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क)

उत्तर : ताई, कुलूप शाबूत होते या तुमच्या एका वाक्यावरून मला छताचा संशय येतो. पत्र्याच्या छताचे पत्रे आकड्यासारख्या बोल्टांनी खालच्या लोखंडाला अडकवलेले असतात आणि त्यांचे नट वरच्या बाजूला, उघड्यावर असतात. पान्याने चार-सहा नट सोडवले की पत्रा बाजूला सरकतो, काम झाल्यावर तो परत जागेवर ठेवता येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या खोलीवर चढून नटांवरचा गंज कुठे खरवडलेला आहे का ते पाहा. नटाबाहेर आलेले बोल्टाचे टोक हातोडीने ठेचून घेतले की नट फिरत नाही, आणि छताखाली लोखंडी जाळी मारली तर वरून हात घालायलाही वाव राहत नाही. छत जसेच्या तसे असेल, तर खोलीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत याची यादी करा आणि कुलूप बदला.

खोली भक्कम करताना तिला हवाबंद मात्र करू नका. आपल्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या चामड्यावर आठ दिवसांत हिरवी-पांढरी बुरशी चढते, शिलाई कुजते, आणि चोराने नेले नसते ते खोगीर ओलीने जाते. जाड गजांची छोटी खिडकी उंचावर ठेवा.

नव्या सामानावर पहिल्याच दिवशी खूण करा. खोगिराच्या पाखेखाली (बाजूला लोंबणाऱ्या चामड्याखाली), तंगाच्या म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या आत आणि लगामाच्या चामड्याच्या मागच्या बाजूला फोन क्रमांकाचे शेवटचे सहा अंक ठोकून घ्या. आपल्याकडे चपला बनवणारे कुशल कारागीर आहेत. अंकांचे ठसे त्यांच्याकडून चामडे न फाडता बसवून मिळतात. रिकिबी आणि तोंडातली लोखंडी कडी यांवर क्रमांक कोरून घ्या. एक खूण सहज दिसेल अशी असावी, म्हणजे ते सामान विकणे अवघड होते, आणि एक खूण फक्त तुम्हालाच माहीत असावी. कानपूरहून येणाऱ्या खोगिरांसारख्या तयार मालात एकाच घडणीची अनेक खोगिरे असतात, त्यामुळे ‘तपकिरी, चामड्याचे’ या वर्णनाने काहीही सिद्ध होत नाही. खोगीर महाग असेल तर त्याच्या गादीत फोनवर ठावठिकाणा सांगणारे छोटे यंत्र शिवून घेता येते, पण त्याची बॅटरी वेळेवर बदलण्याची तयारी हवी.

वरातीचा चांदीचा साज असलेल्यांनी तो पागेत ठेवूच नये. हुपरीच्या किंवा अन्य कारागिराकडून तो करून घेतानाच वजनासह पावती घ्यावी आणि प्रत्येक नगाचा फोटो पावतीला जोडावा. चांदी वितळवली की तिची ओळख उरत नाही, म्हणून साजाची जागा घरातल्या तिजोरीत.

प्रश्न : घोड्याचा विमा उतरवला आहे. चोरी झाली तर पैसे मिळतील ना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : तसे गृहीत धरू नका. जनावरांच्या विम्याच्या अनेक पॉलिसींत चोरी आणि जनावर बेपत्ता होणे या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या असतात. पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचा परिच्छेद आजच वाचा आणि चोरीचे संरक्षण हवे असल्यास ते लेखी मागून घ्या.

प्रश्न : पन्हाळ्यावर माझ्या भावाचा घोडा पहाटे जागेवर नव्हता. आम्ही दिवसभर शोधत बसलो, संध्याकाळी तक्रार द्यायला गेलो, तर ‘दोन दिवस वाट पाहा’ असे सांगण्यात आले. घोडा सुदैवाने सापडला, पण अशा वेळी नेमके काय करायला हवे होते? (एक वाचक, पन्हाळा)

उत्तर : दोन दिवस थांबण्याचा असा कोणताही नियम नाही, आणि चोरीच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात. कोल्हापूरहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने निघालेले वाहन कागल ओलांडून तासाभरात कर्नाटकात पोहोचते. दुसऱ्या बाजूला किणीचा टोलनाका आहे. टोलनाक्यावरचे चित्रण तपासायचे तर पोलिसांना वाहनाची साधारण वेळ लागते, आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांतले जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते.

सर्वांत आधी घोडा सुटून गेला आहे की नेला आहे हे पाहा. सुटलेला घोडा बहुधा सवयीच्या चाऱ्याकडे, पाण्याकडे किंवा सोबतीच्या घोड्यांकडे जातो आणि दावे तुटलेले किंवा घासून सुटलेले असते. नेलेल्या घोड्याचे दावे कापलेले असते किंवा व्यवस्थित सोडलेले असते. जागेवर गर्दी करू नका. खुरांचे ठसे रस्त्यापर्यंत जाऊन एकाएकी संपले आणि तिथे टेम्पोच्या चाकांच्या खुणा असतील, तर घोडा तिथे चढवला आहे. त्या जागेचे फोटो घ्या, ११२ क्रमांकावर कळवा आणि लगेच ठाण्यात जा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीसाठी, कलम ३०३ खाली, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल ठेवण्याच्या इमारतीतून, म्हणजे साजाच्या बंद खोलीसारख्या जागेतून चोरी झाली तर कलम ३०५ खाली, आणि नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ खाली ती ७ वर्षांपर्यंत आहे. येथे एक बारकावा लक्षात ठेवा. साध्या चोरीतील मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि न्यायालयाच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकत नाहीत. ‘एक जुने खोगीर’ असे लिहून किंमत अंदाजाने सांगितली तर तक्रार तिथेच अडकते, म्हणून बिल दाखवा आणि प्रत्येक नगाची किंमत वेगळी लिहा. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला तर तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवावी.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन सुरू करावेत. पहिला फोन नालबंदांना करा, कारण नालबंद हजार घोड्यांत आपण नाल मारलेला पाय ओळखतो आणि चोरीच्या घोड्यालाही काही आठवड्यांत नालबंद लागतोच. त्यानंतर निपाणी, मिरज, सांगली भागातले पशुवैद्यक, वरातीचे घोडेवाले आणि घोड्यांचे बाजार भरवणाऱ्या बाजार समित्यांना फोटो पाठवा. पंढरपूर, अकलूज, सारंगखेडा येथे दूरदूरचे घोडे विक्रीला येतात. फोटो सर्वदूर जाऊ द्या, पण एखादा व्रण किंवा भोवरा जाहीर करू नका. ‘घोडा माझ्याकडे आहे, पैसे पाठवा’ असा फोन आला तर तीच खूण विचारता येते. घोडा दिसल्याचे कळले तर स्वतः सोडवायला धावू नका, पोलिसांना सोबत घेऊन जा. घोडा मुद्देमाल म्हणून जप्त झाला तरी निकालाची वाट पाहावी लागत नाही. ओळखीचे कागद जोडून न्यायालयाकडे अर्ज केला तर तो बंधपत्रावर मालकाच्या ताब्यात मिळू शकतो.

प्रश्न : ओळखीच्या माणसामार्फत एक चांगली घोडी निम्म्या किमतीत मिळत आहे. पावती नंतर देतो म्हणतात. घ्यावी का? (एक वाचक, कागल)

उत्तर : घेऊ नये. विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर विकत घेणाऱ्यालाही हक्क मिळत नाही, आणि मूळ मालक उभा राहिला की घोडीही जाते आणि पैसेही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि निम्मी किंमत व नसलेली पावती ही अशी कारणे ठरू शकतात.

पुढेही घोडी घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र, त्याने ती कोणाकडून घेतली त्याची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला पाहा. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार घोडा वाहनातून नेण्यासाठी तो प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकीय दाखला लागतो, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेल्या घोडीसोबत तो असायलाच हवा. दाखल्यावरचे वर्णन भोवऱ्यांसह घोडीशी ताडून पाहा आणि आपल्या डॉक्टरांना स्कॅनर घेऊन बोलवा. पैसे बँकेतूनच द्या.

बाजारातून आणलेली किंवा चोरीनंतर परत मिळालेली घोडी लगेच आपल्या घोड्यांत बांधू नये. ती कोणत्या गोठ्यांतून फिरून आली हे आपल्याला माहीत नसते, आणि ग्लँडर्ससारखा रोग घोड्यांत तर पसरतोच, शिवाय माणसालाही होतो. वेगळ्या जागी, वेगळ्या बादलीत पाणी देऊन तिला ठेवा आणि रक्ततपासणीचा अहवाल येईपर्यंत तिचा खरारा करणाऱ्या माणसाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या घोड्याजवळ जाऊ नये.